नांगराच्या कारखान्यातून निघालेली 'स्त्री'

मराठी नियतकालिकांचा इतिहास आम्ही पदव्युत्तर वर्गांना शिकवतो, तेव्हा एक ठरलेली वाट असते. 'दर्पण', 'निबंधमाला', 'मनोरंजन', 'रत्नाकर', मग 'सत्यकथा', आणि तिला छेद देणारी लघुनियतकालिके. या वाटेवर 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ही तीन नावे येतात ती बहुधा एका परिच्छेदात, "मध्यमवर्गीय अभिरुची घडवणारी मासिके" असा शिक्का घेऊन. परीक्षेत टिपेसाठी एवढे पुरते. आम्हीही अनेक वर्षे एवढ्यावरच भागवले, हे आधी कबूल केले पाहिजे.

या समजुतीला धक्का बसला तो धर्मापुरीत. परळी-अंबाजोगाई परिसरातील हे गाव अभ्यासकांना माहीत असते ते केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरामुळे. मंदिराच्या बाह्यभिंतीवरील सुरसुंदरी पाहण्यासाठी विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तेथे गेलो होतो. पाणी मागण्यासाठी ज्या घरी थांबलो, त्या घरातील आजींनी आम्ही मराठीचे प्राध्यापक असल्याचे ऐकून माळवदाखालच्या खोलीतून एक पत्र्याची पेटी बाहेर काढली. पेटीत 'स्त्री' मासिकाचे अंक होते. आजी मूळच्या सांगलीकडच्या. १९५७ साली लग्न होऊन धर्मापुरीस आल्या. मराठवाडा तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यात नुकताच सामील झालेला होता. लेकीला वाचनाची आवड म्हणून वडिलांनी 'स्त्री'ची वर्गणी भरून दिली होती आणि पुढे काही वर्षे ते ती भरत राहिले. "आंदणात भांडी सगळ्याच आणतात हो," आजी म्हणाल्या, "मी हे आणलं."

त्यांनी मासिकाला कधी पत्र लिहिले का, असे आमच्यातील एकाने विचारले. त्यावर त्या थोड्या थांबल्या. "लिहिलं की. दोनदा लिहिलं. पण टाकायला कुणाकडं द्यायचं? पेटीपाशी मी गेले असते तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं."

हे वाक्य घेऊन आम्ही परतलो आणि 'स्त्री'चा इतिहास पुन्हा वाचावयास घेतला. मासिक कोणी काढले, त्यात कोणी लिहिले, एवढाच तो इतिहास नाही. बाईचे म्हणणे तिच्या उंबऱ्यापासून छापखान्यापर्यंत पोहोचवणारी वाट कोणी बांधली, कोणाच्या पैशाने बांधली आणि ती कोठे खुंटली, हा त्याचा खरा विषय आहे, असे आता आम्हांस वाटते. त्या वाटेचे एक टोक एका कारखान्यात आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत. १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानाने या घराण्याचा व्यवसाय सुरू झाला. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर ही त्यांची उत्पादने ठरली. नांगर तयार झाला, पण खपेना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, पीक जळते, अशी शेतकऱ्याची समजूत होती. लाकडी नांगराने जे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले ते मोडून हे काळे यंत्र काळ्या आईच्या पोटात घालावयाचे म्हणजे त्यास अधर्मासारखे वाटे. पहिले मोजके नांगर विकण्यास सुमारे दोन वर्षे लागली. मग बेळगावची जागा सोडावी लागली आणि औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडल रोड स्टेशनजवळील माळाची जमीन व भांडवल देऊ केले. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

आमच्या मते मराठी गद्याच्या इतिहासात या नांगराची नोंद व्हावयास हवी. कारण लोखंडी नांगर विकण्यासाठी एक वेगळी भाषा लागली. ऐकणारा शंकेखोर आहे, त्याची शंका मूर्खपणाची नाही, ती त्याच्या अनुभवातून आलेली आहे. त्याला हिणवून चालणार नाही आणि त्याच्या होकाराची वाट पाहत गप्प बसूनही चालणार नाही. प्रयोग दाखवावा लागतो, हिशेब मांडावा लागतो, सोप्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगावे लागते. पंडिती निबंधाची किंवा व्याख्यानी आवेशाची भाषा येथे कामाची नाही.

ही भाषा ज्यांनी घडवली ते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, अर्थात 'शंवाकि' (१८९१–१९७५). चित्रकलेचे शिक्षण घेतलेला हा तरुण कारखान्यात आला आणि जाहिरातीचे काम पाहू लागला. १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. नावाप्रमाणेच ती कारखान्याची खबर होती. माल, त्याचे उपयोग, वाडीतील घडामोडी आणि त्याबरोबर स्वावलंबनाच्या गोष्टी. कंपनीचे गृहपत्र म्हणून जन्मलेले हे नियतकालिक बघता बघता कंपनीशी काहीही देणेघेणे नसलेल्या घरांत वाचले जाऊ लागले. १९२९ साली 'खबर' हा शब्द गळाला आणि मासिक नुसते 'किर्लोस्कर' झाले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध, रूढींची चिकित्सा, उद्योगी माणसांची चरित्रे, शंवाकींची स्वतःची व्यंगचित्रे यांनी त्याला एक तोंडवळा दिला. आणि ऑगस्ट १९३० मध्ये त्याच छापखान्यातून 'स्त्री' निघाले. १९३४ साली तरुणांसाठी 'मनोहर' आले.

म्हणजे तेव्हाच्या या उद्योगाचे स्वरूप पाहा. नांगर, पंप आणि चरक करणारा कारखाना. त्याच्या अंगणात एक छापखाना. आणि त्या छापखान्यात घरातील कर्त्या पुरुषासाठी, बाईसाठी व तरुणासाठी वेगवेगळे मासिक. वाचकवर्गाचे असे विभाजन आज प्रत्येक माध्यमसमूह करतो. १९३० च्या दशकात, रेल्वेच्या एका लहान स्टेशनाजवळील माळावर बसून ते केले गेले, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

'स्त्री' हे स्त्रियांसाठीचे पहिले मराठी मासिक नव्हे. माणकबाई लाड यांचे 'आर्यभगिनी' १८८६ चे, आणि त्यानंतरही असे प्रयत्न होत राहिले. विशेष हा की त्यांपैकी काही स्त्रियांनी स्वतः संपादिलेले होते, तर 'स्त्री' पुरुषाने काढलेले. तरीही टिकले ते 'स्त्री'. याचे कारण केवळ संपादकाच्या गुणवत्तेत शोधणे अपुरे ठरेल. शेजारी र. धों. कर्वे यांचे उदाहरण ठेवून पाहावे. 'समाजस्वास्थ्य' १९२७ साली सुरू झाले आणि १९५३ साली कर्व्यांच्या मृत्यूबरोबर संपले. नोकरी गेलेली, खटले चाललेले, पदरमोड करून काढलेला अंक. कर्व्यांच्या मागे कोणतीही कंपनी नव्हती. म्हणून ते कोणालाही न जुमानता लिहू शकले, आणि म्हणूनच त्यांच्यानंतर ते मासिक कोणी चालवू शकले नाही. 'स्त्री'चे याच्या उलट. तिच्यामागे कागद होता, यंत्र होते, महिन्याचा पगार घेणारा कर्मचारीवर्ग होता, हिशेबाची शिस्त होती. दर महिन्याला अंक ठरल्या दिवशी टपालात पडत होता. घरात येणाऱ्या मासिकाचा दिवस ठरलेला असणे ही गोष्ट वाङ्मयीन दृष्ट्या क्षुल्लक वाटेल. पण ज्या बाईच्या महिन्यात तिच्या स्वतःच्या नावावर दुसरे काहीच येत नव्हते, तिला विचारावे.

या सुरक्षिततेची किंमत होती आणि ती भाषेत दिसते. 'स्त्री'चा सूर फार काळ समजावणीचा राहिला. शिक्षण घेतल्याने संसार बिघडत नाही, मिळवती झाल्याने मुले उघडी पडत नाहीत, आरोग्याचे चार नियम जाणून घेतल्याने कुलाचार बुडत नाही. जवळून वाचले तर हा नांगराच्या जाहिरातीचाच युक्तिवाद आहे: लोखंडाने जमीन विषारी होत नाही. सासूला आणि नवऱ्याला धीर देत देत सुनेला पुढे नेणारे हे गद्य आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध होताच 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाआड कोण आहे यावरून जो गदारोळ उठला, तो ध्यानात घेतला म्हणजे या सावधपणाचे कारण कळते. बाईच्या मनातले तिच्या स्वतःच्या शब्दांत आले की समाज खवळत होता. 'स्त्री'ने खवळू न देता बोलण्याची रीत पत्करली. आमच्यातील एका सहकारी प्राध्यापिकेचे यावर ठाम म्हणणे आहे की ही रीत म्हणजे सुधारणेच्या वेष्टनात गृहिणीपणच घट्ट करणे होते. आम्हांस ते अर्धे पटते. अर्धे यासाठी की अंक कोणत्या हेतूने काढला जातो आणि तो कशासाठी वाचला जातो, या दोन गोष्टी एक नसतात. धर्मापुरीच्या पेटीतील अंकांत विणकामाच्या पानांना कोणी हात लावलेला नाही. कथांच्या पानांचे कोपरे मात्र मऊ पडलेले आहेत.

कारखान्याचे पुढे काय झाले ते थोडक्यात. १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिन्सचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा उद्योग उभा राहिला. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जळाला आणि पुन्हा बांधला गेला. लक्ष्मणराव १९५६ साली गेले. शंतनुराव किर्लोस्करांच्या काळात समूह फार मोठा झाला आणि त्याचा गुरुत्वमध्य पुण्याकडे सरकला. मासिकांचे कार्यालयही पुण्यात आले. शंकररावांनंतर त्यांचे पुत्र मुकुंदराव यांनी मासिकांची धुरा सांभाळली, शांताबाई किर्लोस्करांचाही त्या कामात मोठा वाटा होता. उद्योगसमूहाच्या दृष्टीने आता ही मासिके म्हणजे मोठ्या वाड्यातील देवघर. मानाचे, पण वाड्याचा खर्च त्यावर चालत नाही.

याच पुण्याच्या कार्यालयात १९६४ साली विद्या बाळ रुजू झाल्या. त्यांचा पुढील प्रवास म्हणजे 'स्त्री'च्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग, असे आम्ही मानतो. त्या काही चळवळीतून आलेल्या नव्हत्या. १९७४ साली पुणे महानगरपालिकेची निवडणूक त्यांनी लढवली ती जनसंघाच्या बाजूने, आणि त्या हरल्या. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष १९७५ चे. त्याच वर्षी पुण्यात स्त्रीमुक्तीची परिषद भरली. १९७७ मध्ये 'बायजा' निघाले. हे वारे वाहत असताना विद्याताई ज्या टेबलाशी बसत होत्या त्यावर रोज टपाल येत होते. संपादकाने अंकातून बाईला घडवावे, ही मूळची योजना. येथे उलट घडले. जी बाई घडवावयाची, तिच्या पत्रांनी संपादिकेला घडवले. या पत्रांकडे निवांत वेळचा पत्रव्यवहार म्हणून पाहता येईना. १९८२ साली त्यांनी नारी समता मंचाची स्थापना केली.

येथे बीड जिल्हा या कथेत येतो, आणि फार दुःखद रीतीने येतो. जून १९८२ मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा मृत्यू झाला. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. तिचे माहेर बीडचे. तिने बहिणीला आणि एका मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुढे खटल्यात पुरावा म्हणून वाचली गेली. खालच्या न्यायालयात आणि उच्च न्यायालयात पतीला शिक्षा झाली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुरावा निर्विवाद नाही म्हणून त्याला निर्दोष सोडले आणि परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या. कायद्याचे विद्यार्थी आजही तो निकाल अभ्यासतात. खटल्यापुरता तो शब्द अंतिम आहे आणि त्याविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. आमचे लक्ष पत्रांवर आहे. जिला लिहिता येत होते, जिने लिहिले, जिची पत्रे टपालातून योग्य पत्त्यावर पोहोचलीही, अशा शिकलेल्या मुलीचे शब्द न्यायालयात प्रदर्श क्रमांक घेऊन उभे राहिले. त्याआधी त्यांचे काय करावे हे कोणाला कळले नाही.

नारी समता मंचाने 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन उभे केले. घरात घडलेल्या गोष्टी घराबाहेर, चित्रांतून आणि मजकुरातून मांडल्या. प्रदर्शन पाहण्यास येणाऱ्या बाया तेथेच बोलू लागल्या, म्हणून मग 'बोलते व्हा' हे केंद्र निघाले. मासिकात पत्र छापणे आणि समोर बसून ऐकणे यांत फार मोठे अंतर आहे. हे अंतर कापले ते संपादकीय कार्यालयातून उठून गेलेल्या बाईने. १९८३ मध्ये विद्याताई 'स्त्री'च्या संपादक झाल्या. १९८६ मध्ये त्या पदावरून बाहेर पडल्या. तीन वर्षे. त्रेपन्न वर्षांच्या वाटचालीनंतर आलेली तीन वर्षे.

या ठिकाणी पालक कंपनीचा प्रश्न उघडा पडतो. संपादक निघून जातो तेव्हा बरोबर काय नेतो? नाव मालकाचे, छापखाना मालकाचा, वर्गणीदारांची यादी मालकाची, मागील अंकांचा हक्क मालकाचा. अर्धशतकभर ज्या बायकांनी पत्रे लिहिली त्यांचा 'स्त्री' या शब्दावर कागदोपत्री काडीचाही अधिकार नव्हता. किर्लोस्करांविषयी हे आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाही. त्यांनी दिले ते इतर कोणत्याही मराठी उद्योजकाने दिले नाही. पण दात्याच्या अंगणात लावलेल्या झाडाची सावली आपली आणि जमीन त्याची, हे कधीतरी कळतेच.

ऑगस्ट १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी'चा पहिला अंक आला. 'स्त्री'ही ऑगस्टातच निघाले होते. हा योगायोग असेल, पण दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. 'स्त्री' हे एकवचन आहे, संस्कृत आहे आणि ते बाहेरून पाहणाऱ्याने दिलेले नाव आहे. 'मिळून साऱ्याजणी' हे बहुवचन, बोलीतले, आणि आतून उच्चारलेले. मराठीच्या वर्गात सर्वनाम आणि वचन शिकवताना एवढे एक उदाहरण पुरावे. या मासिकामागे नांगराचा कारखाना नव्हता. ते वर्गणीदारांच्या, देणगीदारांच्या आणि वेळ देणाऱ्या मैत्रिणींच्या बळावर उभे राहिले. ३० जानेवारी २०२० रोजी विद्याताई गेल्या, त्यापूर्वीच संपादनाची सूत्रे गीताली वि. मं. यांच्याकडे आलेली होती. संस्थापकाबरोबर नियतकालिक संपते, ही कर्व्यांची शोकांतिका येथे टळली.

मग कारखाना नसलेले मासिक धर्मापुरीस पोहोचते का? प्रामाणिक उत्तर असे की, फार थोडे. आमच्या भागात स्त्रीप्रश्नाची भाषा मासिकातून आली त्यापेक्षा अधिक कामातून आली. अंबाजोगाईस शैला लोहिया यांनी (मृत्यू २०१३) 'मनस्विनी'च्या माध्यमातून टाकलेल्या, मारलेल्या, ऊसतोडीवरून परतलेल्या बायकांना बसावयास जागा दिली. शैलाताई स्वतः लेखिका होत्या. पण त्यांच्या दारी आलेली बाई बहुतेक वेळा लिहिणारी नव्हती. कोयता घेऊन दिवाळीनंतर घर सोडणाऱ्या आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या बाईच्या हाती महिन्याच्या ठरल्या दिवशी अंक पडणार तरी कोणत्या पत्त्यावर? 'स्त्री'चा सारा आराखडा घराचा एक स्थिर पत्ता गृहीत धरून होता. धर्मापुरीच्या आजींना पत्ता होता, टपालाची पेटी नव्हती. उसाच्या फडातील बाईला पत्ताच नाही. 'स्त्री'तील किंवा 'साऱ्याजणी'तील पत्रव्यवहारावर प्रबंध लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थिनींनी, पत्रे कोठून आली यांबरोबर कोठून आली नाहीत याचाही नकाशा काढावा, अशी आमची त्यांना नेहमीची सूचना असते.

अडचण अशी की प्रबंध लिहावयाचा तर अंक हवेत. आमच्या माहितीच्या एका महाविद्यालयात 'स्त्री'चे बांधीव खंड होते. जागेच्या अभावी ते 'कालबाह्य मनोरंजनपर साहित्य' या नोंदीखाली रद्दीत गेले. तेथील ग्रंथपालाला आम्ही दोष देत नाही. आम्ही वर्गात त्या मासिकांना जो एक परिच्छेद दिला होता, त्यात याहून वेगळे काय म्हटले होते?

धर्मापुरीच्या आजींनी पेटी आम्हांस दिली नाही. "नेऊन कुठं ठेवाल? तुमच्याकडं वाळवी लागंल," म्हणाल्या. त्यांचे म्हणणे खरे होते. आम्ही दोन रविवारी जाऊन अंकांची यादी केली आणि फोनच्या कॅमेऱ्याने पाने टिपली. एकूण एकेचाळीस अंक निघाले, त्यांपैकी सहांची मुखपृष्ठे गेलेली. एका अंकात घडी घातलेला कोरा आंतर्देशीय होता. त्यावर पुण्याचा पत्ता लिहिलेला होता, आतला मजकूर मात्र नव्हता. आजींना विचारले, तर त्यांनी तो हातात घेतला, चष्म्याजवळ नेऊन पाहिला आणि पुन्हा त्याच पानात ठेवून अंक मिटला.